हेच फोल्डर

ऋतुराजला ज्याचा संशय नाही असा माणूस सोलापुरात शोधायचा म्हटला असता तर चपला झिजल्या असत्या. चहावाला दुधात पाणी घालतो, रिक्षावाला मुद्दाम सात रस्त्यावरून वळसा घेतो, घरमालक विजेच्या मीटरमध्ये काहीतरी करून ठेवतो, हे त्याचं रोजचंच. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते. मालगाडीच्या डब्यांची सीलं ओढून बघण्यात त्यांचा जन्म गेला. बाकीची पोरं बापाचं नाक घेतात, डोळे घेतात. ह्यानं सील ओढून बघायची खोड तेवढी घेतली.

ह्या तपासणीतून त्यानं एकाच माणसाला सूट दिली होती, ती अतीकला. इंजिनिअरिंगला एका बाकावर बसल्यापासूनची दोस्ती. पुढं विजापूर रोडला एका बेकरीच्या वर दोन खोल्या घेऊन दोघांनी धंदाही एकत्रच थाटला. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांसाठी नक्षीचं सॉफ्टवेअर. नाव ठेवलं ‘ताणा’. कारखान्यात नक्षी काढणारी मुलगी मॅकवर बसते, हिशेबाच्या टेबलावर विंडोज असतं आणि मागाशेजारचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालतो. तिन्हीकडे एकच प्रोग्रॅम, एकच तोंडवळा, ही त्यातली खुबी. कोड लिहायचं काम ऋतुराजचं. कारखान्यात जाऊन प्रोग्रॅम बसवायचा, माणसांना शिकवायचं आणि काही बिघडलं की बोलणी खायची, हे काम अतीकचं. अतीकला मराठी येत होती, दखनी तर घरचीच, आणि तेलुगूही कामापुरती येत होती. अख्ख्या एमआयडीसीत त्याला बघून वॉचमन फाटक उघडायचे. सॉफ्टवेअर विकलं जायचं ते ह्या उघड्या फाटकांतून. ऋतुराजला हे ठाऊक होतं, पण तो तसं कधी बोलला नव्हता.

ऋतुराजचा जीव अडकला होता एका खिडकीत. डिझाइन कुठं ठेवायचं असं प्रोग्रॅमनं विचारलं की फोल्डर निवडायला जी छोटी विंडो उघडते, तीत. प्रत्येक सिस्टिमची आपली विंडो वेगळी. एकीत बटण खाली, दुसरीत वर. एकीकडे फोल्डरवर एकदा दाबायचं, दुसरीकडे दोनदा. मॅकवरून उठून माणूस मागापाशी आला की गडबडलाच. म्हणून ऋतुराजनं तिन्हीकडे चालेल अशी स्वतःची विंडो बनवायला घेतली, आणि ती बघताक्षणी कळली पाहिजे असा हट्ट धरला. मग सुरू झाली काटछाट. आपण कुठल्या फोल्डरात आहोत ते सांगणारी वरची लांबलचक पत्त्याची ओळ त्याला कुरूप वाटली, ती काढली. बाण काढले. राहिली फोल्डरांची यादी आणि तळाशी एकच बटण, ‘हेच फोल्डर’. माणसाला सुरुवात कुठून करायची ते कळावं म्हणून यादीतली पहिली ओळ आपोआप फिकट निळी व्हायची. तो निळा रंग ठरवण्यात ह्या गड्यानं आठवडा घालवला होता.

“पत्त्याची ओळ राहू दे की,” अतीक म्हणाला होता. “माणसाला आपण कुटं हाय ते तरी कळतंय.”

“डिझाइनमधलं तुला काय कळतं रे?” ऋतुराजनं विचारलं, आणि पुढचे दोन दिवस तो नीट बोललाच नाही. तेव्हापासून अतीकनं त्या विंडोचं नाव काढलं नाही. दिवाळीच्या आधी तो नवी विंडो कारखान्यांत बसवून आला.

दिवाळी झाली आणि नरसय्या शेठचा फोन आला.

नरसय्या म्हणजे त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. तीन पिढ्यांचा टॉवेलचा कारखाना, घरात तेलुगू, बाजारात मराठी. फोनवर ते नेहमी आधी जेवण विचारायचे. त्या दिवशी विचारलं नाही. “एमय्या ऋतुराज,” ते म्हणाले, “माझी डिझाइनं कोण नेतंय की रे. ये बघू लवकर.”

अतीक दुसऱ्या कामाला गेला होता, म्हणून ऋतुराज एकटाच गेला. प्रकार असा होता. पायल नावाची मुलगी वर मॅकवर नक्षी काढायची. मागावर बसणारे जोतीराम मामा, करकंबचे, ती खालच्या कॉम्प्युटरवर घेऊन गिऱ्हाइकाच्या फोल्डरात ठेवायचे. आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर ती तिथं नसायची. दिवाळीनंतर आलेली एकूण एक नवी डिझाइनं अशी गायब झाली होती. त्यात डाळिंबाच्या फांदीची नक्षी होती, परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेली, अजून कुणाला दाखवलीही नव्हती.

“म्या ठिवली हुती,” जोतीराम मामा पुन्हा पुन्हा सांगत होते. “ह्या हातानं ठिवली. आईची आण.”

ऋतुराजनं स्क्रीनवरची रुईची भुकटी बाहीनं पुसली आणि एकेक गिऱ्हाइकाचं फोल्डर उघडून पाहिलं. आत नवं काही नाही. प्रत्येक फोल्डरात अगदी वर ‘००श्री’ असं एक छोटं फोल्डर तेवढं होतं. ती त्या घरची रीत. लक्ष्मीपूजनाला चोपडीच्या पहिल्या पानावर श्री लिहून ते पान कोरं सोडायचं, असं नरसय्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. चोपड्या गेल्या, कॉम्प्युटर आले, तर दिवाळीला त्यांनाच हळदीकुंकू वाहून प्रत्येक फोल्डरात आधी श्री मांडू लागले. त्यात कुणी काही ठेवायचं नाही आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. ऋतुराजनंही लावला नाही. कॉम्प्युटरात शोधायची सोय असते हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, पण चोर शोधायला निघालेला माणूस वस्तू शोधत नाही. त्याच्या मनात एव्हाना पाल चुकचुकली होती.

डिझाइनं जायला लागली ती दिवाळीपासून. दिवाळीच्या आधी ह्या कॉम्प्युटरला हात कुणी लावला? अतीकनं.

छे, असं म्हणत त्यानं गाडीला किक मारली. पण संशय हा काही पाव्हणा नव्हे, की चहा न विचारला तर उठून जाईल. परत येताना अक्कलकोट रोडला गुरुबसप्पांच्या कारखान्यासमोर त्याला अतीकची स्कूटर दिसली. गुरुबसप्पा हे नरसय्यांचे जुने स्पर्धक. ‘ताणा’ त्यांच्याकडंही होतं, पण त्या दिवशी तिथं काही काम नव्हतं. आणि सकाळी अतीक म्हणाला होता, अम्मीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्यायचंय.

दोस्ताला सरळ विचारावं, तर तेही नाही. विचारणं म्हणजे चोराला सावध करणं, असं त्याच्या बापाच्या शाळेत शिकवलेलं. त्यापेक्षा त्यानं पाळत ठेवली. आणि एकदा पाळत ठेवायची म्हटलं की मग काय, सुतावरून स्वर्ग. अतीक फोनवर काहीतरी बघत बसायचा आणि ऋतुराज आत आला की फोन पालथा घालायचा. ‘काय बघतोस’ म्हटलं तर ‘काय न्हाय की’ म्हणायचा. दहा वर्षांत ज्याच्या डब्यातलं न विचारता खाल्लं, त्याच्या प्रत्येक हसण्याखाली ऋतुराजला आता काहीतरी पुरलेलं दिसू लागलं. रात्री झोप लागेना. वाईट वाटत होतं, राग येत होता आणि, खरं सांगायचं तर, आपण बरोबर ओळखलं ह्याचा थोडा आनंदही होत होता. तो सगळ्यात वाईट.

चार दिवसांनी नरसय्यांनी पुन्हा बोलावलं. “शनिवारपर्यंत काय ते सांग. न्हायतर मी तुमचा प्रोग्रॅम काढतो आणि पोलिसांत जातो. कुणावर वहीम हाय तुझा?”

“मी कुणाचं नाव घेत नाही,” ऋतुराज म्हणाला. “पण दिवाळीच्या आधी हे मशीन कुणी हाताळलं, ते तुम्हीच बघा. आणि गुरुबसप्पांकडं कोण जातं-येतं, तेही बघा.”

“नाव घेतलंस की रे बाबा,” नरसय्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अतीक फाटकावरून परत आला. वॉचमननं आत सोडलं नव्हतं. “शेठ म्हणाले, तू येऊ नकोस. का ते सांगितलं न्हाय.” तो खुर्चीत बसला आणि हसायचा प्रयत्न करू लागला. “काय चुकलं असंल रे माझं?” ऋतुराज स्क्रीनकडं बघत ‘बघू, मी बोलतो’ म्हणाला. दुपारपर्यंत आणखी दोन कारखान्यांतून निरोप आले, दुसऱ्या माणसाला पाठवा. सोलापूरचे कारखानदार धाग्यासाठी भांडतील, मजुरांसाठी भांडतील, पण असली बातमी एकमेकांना पोचवायला त्यांना फोनची रिंगही पुरी लागत नाही. अतीकच्या नावावर एकदा डाग पडला की त्याला पुन्हा कुठलंही फाटक उघडणार नव्हतं, हे ऋतुराजला कळत होतं. म्हणूनच आता पुरावा हवा होता. पुरावा सापडला तर आपण केलं ते बरोबर ठरेल.

शुक्रवारी दुपारी अतीक नमाजला गेला. लॅपटॉप टेबलावर चार्जिंगला होता. ऋतुराजनं जिन्यावरची पावलं उतरू दिली, दार लावलं आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला.

फार शोधावं लागलं नाही. एका फोल्डरचं नावच होतं, ‘ऋत्याला आत्ता नको’.

हेच, म्हणजे हेच! त्यानं फोल्डर उघडलं. आत डिझाइनं नव्हती. व्हिडिओ होते.

पहिला लावला. गुरुबसप्पांच्या कारखान्यातला आवाज, मागांची खडखड. स्क्रीनवर ऋतुराजची विंडो आणि तिच्यासमोर घुटमळणारं कुणाचं तरी बोट. “म्या आता कुटं हाय, ते काय कळंना झालंय,” बोटाचा मालक म्हणत होता. “ह्यो पोग्राम कुनी केलाय?” आणि मागून अतीकचा आवाज, “माझ्या दोस्तानं. लई डोकं हाय त्याला. हळू करा तुमी, जमतंय.” दुसरा व्हिडिओ, दुसरं बोट, तीच घुटमळ. तिसरा, चौथा. अतीक कारखान्या-कारखान्यांतून फिरून माणसं त्या विंडोपाशी कशी अडखळतात ते टिपत होता. आणि प्रत्येक वेळी विंडोची बाजू घेत होता.

पाचवा नरसय्यांच्या कारखान्यातला. जोतीराम मामांनी गिऱ्हाइकाचं फोल्डर उघडलं, बटण दाबलं, विंडो मिटली.

“गेलं का ओ साहेब? कुटं गेलं ते काय दिसलं न्हाय.”

“गेलं की मामा. तुमचं काय चुकत न्हाय. मीच तुमाला नीट शिकवलं न्हाय.”

ऋतुराजनं व्हिडिओ मागं घेतला. बटणावर बोट टेकतं त्या क्षणी थांबवला. यादीत एकच ओळ होती, ‘००श्री’, आणि ती निळी होती. इतकी फिकट, की रुईनं भरलेल्या स्क्रीनवर ती कुणाच्या बापाला दिसली नसती.

बटण काय निवडत होतं, ते त्यानं स्वतःच लिहिलं होतं. माणूस ज्या फोल्डरात उभा आहे ते नव्हे. यादीतली जी ओळ निळी आहे ते. आणि पहिली ओळ आपोआप निळी होत होती. ऋतुराजच्या स्वतःच्या मशीनवर तपासणीची फोल्डरं आतून रिकामी होती, निळं व्हायला ओळच नव्हती, म्हणून तिथं सगळं ठीक चाललं. नरसय्यांकडं प्रत्येक फोल्डराच्या पोटात पहिला श्री होता. जोतीराम मामा ‘हेच फोल्डर’ म्हणत होते आणि प्रोग्रॅम डिझाइन उचलून, कुणी कधी उघडत नाही अशा एकुलत्या एका जागी नेऊन ठेवत होता.

तो तडक कारखान्यात गेला. “शेठ, श्री उघडायचंय,” म्हणाला.

“त्यात काय नसतं. कोरं असतं ते.”

“एकदा उघडू द्या.”

नरसय्यांनी त्याला चपला बाहेर काढायला लावल्या, मग मान हलवली. ऋतुराजनं दोनदा दाबलं. डाळिंबाची फांदी वर आली, तिच्याखाली बाकीची सगळी, एकामागं एक. जोतीराम मामांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

नरसय्यांचे डोळे हळूहळू स्क्रीनवरून ऋतुराजवर आले, आणि त्या डोळ्यांत जे होतं ते ऋतुराजच्या चांगलं ओळखीचं होतं. “तुला आजच कसं कळलं रे?” ते म्हणाले. “श्रीला कोण हात लावत न्हाय, हे ठाऊक असणाऱ्यानंच ठेवलं असंल की हितं?”

तेव्हा ऋतुराजनं मामांना सगळ्यांसमोर एक डिझाइन ठेवायला सांगितलं, आणि ते श्रीत कसं जाऊन पडतं ते दाखवलं. दोनदा दाखवलं. “माझी चूक आहे,” म्हणाला. “विंडो माझी.”

“म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा,” नरसय्या म्हणाले. मग आवाज खाली आणून, “त्या पोराचं काय आता? तुझं नाव मी त्याला सांगितलेलं न्हाय. वॉचमननं अडवलं, एवढंच त्याला ठाऊक. मी फोन करतो, उद्यापासून ये म्हणतो. बाकीच्यांनाही सांगतो. पुढचं तू बघ.”

परत येताना ऋतुराजला हलकं वाटत होतं. नाव आपलं बाहेर आलंच नाही! मग लाज वाटली. मग पुन्हा हलकं वाटलं. सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं. अतीक रागावेल, चार दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

अतीक संध्याकाळी आला तो जिन्यावरूनच ओरडत. “ऋत्या! सापडलं म्हणं की सगळं! शेठचा फोन आला, माफी मागत हुते!” त्यानं गरम भज्यांचा पुडा टेबलावर टाकला आणि ऋतुराजला मिठी मारली. “चार दिवस घास उतरला न्हाय यार. अम्मीला काय बोललो न्हाय मी. पण मनात म्हटलं, ऋत्या हाय की. तो शेठसमोर माझी बाजू सोडणार न्हाय.”

आता बोलायचं, असं ऋतुराजनं स्वतःला बजावलं. वाक्य जिभेवर आलं. पण समोरचा माणूस इतका खुश होता, आणि भजी गरम होती, आणि माणसाची जीभ अशा वेळी नेहमीच सोपी वाट धरते.

“चूक माझी होती रे,” तो म्हणाला. “तू उगाच जोतीराम मामांसमोर स्वतःवर घेतलीस. ‘मीच नीट शिकवलं नाही’ म्हणालास त्यांना. मला फार लागलं ते.”

अतीक हसला. ते हसू थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्याखालून काहीतरी निसटलं.

“तवा तिथं मी आणि मामाच हुतो,” तो म्हणाला. “तुला कुणी सांगितलं?”

ऋतुराजची नजर लॅपटॉपवर गेली.

अतीकनं टेबलावरच्या लॅपटॉपकडं बघितलं. “तो व्हिडिओ मी दाखवला न्हाय तुला. तुला वाईट वाटंल म्हणून थांबलो हुतो. जरा निवांत झालास की शांतपणे बसून दाखवीन म्हटलं.” मग विचारलं, “आज दुपारी?”

“हो.”

“मी नमाजला गेलो तवा.” हा प्रश्न नव्हता. “काय शोधत हुतास?”

इथं खोटं बोलता आलं असतं. ऋतुराजच्या तोंडून प्रथमच खरं निघालं. “डिझाइनं.”

“शेठला माझं नाव…”

“मी सांगितलं. म्हणजे, नाव घेतलं नव्हतं, पण…”

“बस.”

खालून बेकरीतल्या ट्रेचा आवाज येत होता. अतीक ओरडला असता तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, पुडा फेकला असता तरी चाललं असतं. त्यानं बॅग उचलली आणि टेबलावर उलटी केली. वायरी, स्क्रूड्रायव्हर, पेनड्राइव्ह, डबा, सगळं घरंगळलं. खिशातलं पाकीट काढून ठेवलं. मग फोन काढला, उघडला आणि सरळ ऋतुराजच्या पुढ्यात ठेवला.

“घे,” तो म्हणाला. “काय बघायचं ते आज एकदाच बघून घे. मला विचारायचं तुला जमत न्हाय, तर निदान माझ्यासमोर बघ.”

ऋतुराजला त्याच्या चेहऱ्याकडं बघायचं होतं. मनापासून बघायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, दहा वर्षांची शपथ घालायची होती. तेवढ्यात फोनवर एक मेसेज येऊन उजेड पडला, आणि त्याची नजर, त्याच्या मनाला न विचारता, स्क्रीनवर गेली. घरी कधी येतोस, असं अम्मीनं विचारलं होतं.

मेसेज वाचून त्यानं मान वर केली तेव्हा अतीक त्याच्याकडेच बघत होता. त्यानं फोन उचलून खिशात टाकला आणि एकेक वायर गुंडाळून बॅगेत भरायला लागला.